काउंटीच्या यादीतला मावसभाऊ

माझ्या आईच्या आणि वडिलांच्या, दोन्ही घराण्यांत कॉलेजची पदवी घेतलेली मी पहिली. हे मी मिरवून सांगते आणि यापुढेही सांगेन. इचलकरंजीत वडील दुसऱ्याच्या यंत्रमागावर कामाला होते. सातवीपासून घरातला आणि शेजारचा प्रत्येक कागद माझ्यासमोर यायचा. रेशनचा फॉर्म, कोर्टाची नोटीस, दवाखान्याचा रिपोर्ट. मावशीच्या नवऱ्याचा रिपोर्ट आला तेव्हा मी सोळा वर्षांची होते. सगळी मोठी माणसं "होईल बरं" म्हणत होती. मी तो वाचला आणि मावशीला बाजूला नेऊन होतं ते सांगितलं. काका गेल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती म्हणायची, "ही पोरगी खोटं बोलत न्हाई. हिनं सांगितलं म्हणून मला दोन महिनं त्यांच्याजवळ बसाय मिळालं."

आता मी इंग्लंडमध्ये बेसिंगस्टोकला राहते आणि एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते. मावशीचा एकुलता एक मुलगा, माझा मावसभाऊ, गेल्या वर्षी एजंटमार्फत अमेरिकेला निघाला. मेक्सिकोपर्यंत विमानाने, पुढचं एजंट बघणार. त्याआधी वर्षभर तो मला फोन करायचा.

"ताई, तिकडं बघ की काहीतरी. वेअरहाउस, पॅकिंग, काय पण चालंल."

"आधी बारावीचे दोन विषय काढ," मी म्हणायचे. "मग परदेशाचं बोल."

"काढतो की. पण घरात एक डिग्री आहे न्हवं, तीच सगळ्यांनी वापरू." असं म्हणून तो हसायचा. मीही हसायचे आणि फोन ठेवायचे.

त्याचा शेवटचा मेसेज सीमेलगतच्या, अमेरिकेच्या हद्दीतल्या एका गावातून आला. 'पोचलो. नंतर बोलतो.' खाली लोकेशन. त्यानंतर तीन महिने काही नाही. एजंट म्हणाला, कामाला लागला असेल. मावशी मला म्हणाली, "तू शिकलेली हाईस. तूच हुडक."

काउंटी, म्हणजे जिल्ह्यासारखं काहीतरी, हा शब्द मला इथला माहीत होता. आमची काउंटी म्हणजे लायब्ररीचं कार्ड आणि रस्त्यातला खड्डा बुजवा म्हणून ऑनलाइन केलेली तक्रार. तिकडच्या काउंटीचा स्वतःचा तुरुंग असतो आणि आज त्यात कोण कोण आहे ते जगातल्या कुणालाही घरबसल्या बघता येतं, हे मला ऑफिसच्या लंच ब्रेकमध्ये, सीमेवर पकडलेल्यांबद्दल वाचताना कळलं. शेजारच्या डेस्कवरच्या बाई माझ्या स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "हे असं सगळ्यांना दिसतं? इथे तर शेजाऱ्याला पकडलं तरी आपल्याला पत्ता लागत नाही." कामाचं आहे म्हणाले.

त्याच्या मेसेजमधलं गाव नकाशावर शोधलं, ते कोणत्या काउंटीत येतं ते बघितलं, मग त्या काउंटीच्या शेरिफची, म्हणजे तिथल्या पोलिसप्रमुखाची, साइट उघडली. आडनाव, नाव. काही नाही. चार दिवस रोज टाकलं. पाचव्या दिवशी वाटलं, आपल्या नावातलं मधलं नाव वडिलांचं असतं हे तिथल्या कारकुनाला कुठून कळणार? आडनावाच्या रकान्यात काकांचं नाव टाकलं. एकच ओळ आली.

त्या ओळीवर क्लिक केल्यावर फोटो आला. मागे उंची मोजायच्या रेघा, अंगात करडा शर्ट, केस अगदी बारीक कापलेले. आरोप एकच होता. दुसऱ्याच्या खाजगी जमिनीत शिरला. वजन पौंडांत दिलेलं होतं, ते मी किलोत करून बघितलं. घरून निघाला होता त्यापेक्षा अकरा किलो कमी. मी सँडविच तसंच झाकून ठेवलं आणि तीनच्या मीटिंगला गेले.

दुसऱ्या दिवशी तुरुंगात फोन लावला. तिकडच्या बाई सभ्यपणे बोलल्या. "वेबसाइटवर आहे तेवढंच आम्ही सांगू शकतो, मॅम." निरोप देता येईल का विचारलं, तर नाही.

शनिवारी सकाळी मावशीचा फोन आला. पहिल्याच घंटीला मी उचलला आणि ती काही विचारायच्या आधीच बोलून गेले, "सापडला गं. बरा आहे. कंपनीत लागलाय, तिथं फोन वापरू देत नाहीत."

"खरं?"

"फोटो पाठवते. आयकार्डाचा आहे."

फोटो मी कापला. रेघा गेल्या, शर्ट गेला, खालचा नंबर गेला. गळ्यापासून वर नुसता चेहरा उरला. तो थोडा उजळ केला आणि पाठवला. दोन मिनिटांत तिचा आवाजातला मेसेज आला. "केस किती बारीक केल्यात गं मेल्यानं! पण उजळलाय. अमेरिकेचं पाणी मानवलं म्हणायचं."

नवरा समोर चहा घेत होता. तो पुण्याचा. त्यांच्याकडे आजोबांपासून सगळे पदवीधर.

"आज ना उद्या कळणारच आहे," तो म्हणाला. "सांगून टाक ना सरळ."

"तुला काय कळतंय," मी म्हणाले. "तुमच्या घरात कोण आत गेलंय?"

तो कप विसळायला उठला. मी मनाशी म्हणत होते की हे मावशीसाठी आहे. थोडं मावशीसाठी होतंही. पण सासरी कळलं तर काय, हे मी तिच्याआधी मोजलं होतं. आणि ते दोन विषय काढायचं बोलणं. तेही होतंच.

त्यानंतर मी रोज दुपारी, तिकडे सकाळ झाली की, यादी उघडायचे. नाव आहे, म्हणजे माणूस आहे. शनिवारी मावशीला काहीतरी सांगायचे. त्याच्याकडे थंडी आहे, त्याला भात मिळतो. एकदा तर त्याला सुपरवायझर करणार आहेत असंही सांगितलं. एवढं कशाला सांगितलं, मला आजही कळत नाही.

आपल्याकडे मुलगा परदेशात नोकरीला लागला आणि त्याचा ताजा फोटो हातात आला, की आई काय करते हे मला सुचायला हवं होतं. मावशीने त्याचा बायोडाटा छापला. वर गणपती, खाली जन्मवेळ, नोकरी अमेरिका, आणि उजव्या कोपऱ्यात मी कापलेला फोटो. मला सांगितलं नाही, कारण तिला ठरल्यावर सांगायचं होतं. कोल्हापूरकडच्या एका स्थळाने होकार कळवला. त्या मुलीचा भाऊ इंजिनियर. त्याने फोटो नेटवर टाकून शोधला, आणि न कापलेला फोटो नाव-आरोपासकट त्याच्यासमोर आला.

मुलीचे काका स्वतः मावशीकडे गेले. चांगली माणसं असावीत, ओरडले नाहीत. फोन पुढे करून म्हणाले, "वहिनी, हा तुमचाच का बघा."

मावशीने बघितलं आणि म्हणाली, "व्हय. माझाच." त्यांना पाणी दिलं, चहा दिला. ते गेल्यावर मला फोन केला.

"तो फोटो आयकार्डाचा न्हवं का गं?"

मी समोरचा लॅपटॉप मिटला.

"बोल की. का आता वाचाय येईना?"

"मावशी, तो तुरुंगात आहे. पण चोरी नाही, मारामारी नाही. कुणाच्या तरी रानात शिरला, एवढंच लिहिलंय."

"कधीपासनं म्हायती हाय तुला?"

"सात आठवडे."

"सात आठवडं मी पोरी बघत हिंडले. आणि पोरगं आत."

"तुला त्रास होऊ नये म्हणून..."

"मला, का तुला?"

उत्तर माझ्याकडे होतं. मी ते दिलं नाही. तिने फोन ठेवला.

दहा दिवसांनी एका दुपारी यादीत त्याचं नाव नव्हतं. काकांच्या नावाने शोधलं, आडनावाने शोधलं. नव्हतं. त्या वेळी मी काही लपवलं नाही, लगेच फोन केला.

"मावशी, यादीतून नाव गेलंय. कुठं नेलं ते लिहिलेलं नाही. मला माहीत नाही."

"बरं."

"खरं सांगतेय गं."

"बरं म्हटलं की."

तेव्हापासून ती रोज सकाळी चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन बसते, हे मला आईकडून कळलं. दुकानदार शाळेत माझ्याच वर्गात होता. इंग्रजीच्या पेपराला माझ्या मागे बसायला मिळावं म्हणून धडपडायचा. तो तिला काउंटीची साइट उघडून दाखवतो. ती मुलाचं नाव सांगते, नवऱ्याचं नाव सांगते. तो टाकतो. दोघं बघतात.

मागच्या बुधवारी मी कामाला निघाले होते, तेव्हा त्या दुकानदाराचा मेसेज आला. नंबर आईकडून घेतला होता त्याने.

'सुटलेल्यांची वेगळी यादी सापडली. त्यात हा आहे. पुढं दोन ओळी आहेत, फोटो पाठवतो. काय लिहिलंय सांग. मावशी समोर बसल्यात.'

मी वाचलं. दोनदा वाचलं. मग लिहिलं, 'सोडलेलं नाही. इमिग्रेशनच्या ताब्यात दिलंय. तिथं दुसरा तुरुंग असतो. पुढे भारतात परत पाठवतील, पण किती महिन्यांनी ते सांगता येत नाही. जिवंत आहे, एवढं नक्की.'

'तू सांगितलंस म्हणून सांगू का?'

मी बसस्टॉपवर उभी होते. बस आली, दार उघडलं, मी चढले नाही.

'नको,' मी लिहिलं. 'तूच वाचलंस म्हणून सांग. मग तिला पटेल.'

पुढची बसही मी सोडली. मग उत्तर आलं.

'सांगितलं. लई रडल्या. आता शांत आहेत.' आणि खाली, 'मला म्हणाल्या, बाबा, तुला चांगलं वाचता येतं.'