पानमळ्याची सावली मोजताना

शनिवारी पाचला निघायचं ठरलं होतं, निघाले सव्वासहाला. दोष माझाच. कॅमेऱ्याची बॅग तीनदा भरली, तीनदा रिकामी केली. शेवटी डिजिटल कॅमेऱ्याला एकच जुनी पन्नास एमएमची लेन्स जोडली, खिशात उजेड मोजायचा सुईचा लाइट मीटर टाकला आणि बाकीचं घरी ठेवलं. ही लेन्स वयाने माझ्याहून मोठी. फोकस हाताने, अपर्चर हाताने, आणि आपल्याला लेन्स लावली आहे याचा कॅमेऱ्याला पत्ताही नसतो. "नसती उठाठेव," नवरा म्हणाला.

सोलापूर रस्त्याने चौफुल्याला उजवीकडे वळलं की पुढे सुपे. मयूरेश्वर अभयारण्यात जाणार असाल तर उन्हं चढायच्या आत पोहोचा आणि पाणी सोबत ठेवा. मला पाच चिंकारा दिसले, पण माझ्या लेन्समधून ते पाच ठिपकेच. फोकसचं कडं फिरवेपर्यंत दोन ठिपके पसारही झाले! मग कॅमेरा मांडीवर ठेवून नुसती बसले. वाळल्या गवतावर ऊन पसरत होतं आणि हातातल्या मीटरची सुई त्याच्याबरोबर वर चढत होती. पाहता पाहता प्रकाश चौपट झाला आणि माझ्या डोळ्यांना काही कळलंच नाही. इतकी वर्षं कॅमेरा ऑटोवर ठेवून मी हे कधी बघितलंच नव्हतं.

जेवण बारामतीत. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, ठेचा, दोनशेच्या आत पोट तुडुंब. मुक्कामही तिथेच केला.

रविवारी पिंपळी, लासुर्णे करत इंदापूरच्या दिशेने निघाले. रस्ता छान आहे, फक्त उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलात तर हॉर्न वाजवून उपयोग नाही. निमगाव केतकीच्या अलीकडे पानमळा दिसला. बांधावर एक वयस्क तात्या उभे होते. आत येऊ का, विचारलं.

"या की. चपला तेवढ्या हितंच काढा. मळ्यात चपला न्हाय चालत."

अनवाणी आत गेले आणि थबकलेच. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आत हिरवा काळोख. शेवरीच्या झाडांवर चढलेले विड्याच्या पानांचे वेल, वरून चाळून येणारा उजेड, पायाखाली ओली गार माती. देवळातसुद्धा मी इतकी हळू चालत नाही.

तात्यांनी कॅमेरा पाहिला. "फोटू काढता व्हय? मग माझं एक काम करा."

मळ्याला मर लागली होती, वेल मुळापासून सुकत चालले होते. सोमवारी सगळा मळा काढून टाकायचा होता. तो लावला होता तात्यांच्या बायकोने, काकूंनी. खुबा मोडल्यापासून त्या वर्षभर खाटेवर होत्या आणि मळा एकदा डोळ्यांनी बघितल्याशिवाय काढू द्यायला तयार नव्हत्या.

"मोबाइलवर दावला तिला. म्हणली, ह्यो आपला मळा न्हाय. ह्यात सावलीच न्हाय."

मोबाइल अंधार दिसला की उजळून टाकतो, हे मला ठाऊक होतं. मी ऐटीत मीटर काढला, वेलांमध्ये धरला, सुई म्हणाली तसं अपर्चर आणि शटर लावलं. फोटो लख्ख हिरवा.

तात्यांनी मान हलवली. "ह्योबी तसलाच."

पुन्हा काढला, पुन्हा तेच. बाई खाटेवर वाट बघतेय आणि उद्या इथे काही उरणार नाही.

"ताई, तुमी सावलीत हुभं राहून सावली मोजताय," तात्या म्हणाले. "भाईरचं ऊन मोजल्याबिगर सावली किती हाय ते कसं कळंल? आमी शेवरी छाटताना आधी बांधावर जाऊन ऊन बघतो."

मी बांधावर धावले आणि उन्हात मीटर धरला. उन्हापेक्षा मळ्यातला उजेड पाच पायऱ्या खाली होता, दर पायरीला निम्मा. मी त्या पाचही पायऱ्या भरून काढत होते. या वेळी तीनच भरल्या. फोटो गडद आला, फक्त पानांच्या कडा तेवढ्या चमकत होत्या. तात्यांनी तो बघितला आणि मला घेऊन घराकडे चालू लागले.

काकूंनी कॅमेरा डोळ्यांशी नेला. बराच वेळ बघितलं. "ही दुसरी सरी. तितं मी जेवाया बसायची." मग कॅमेरा माझ्या हातात देत तात्यांना म्हणाल्या, "काढा उद्या."

मला रडू आलं. कशाला लपवू?

इंदापूरहून हायवे धरून संध्याकाळी घरी आले. उजनीचे रोहित पक्षी बघायचे राहिले, त्याचं काही वाटलं नाही. फोटो प्रिंट करायला दिला तर लॅबवाला म्हणाला, "मॅडम, काळा आलाय, उजळून देतो." हात लावू नका म्हटलं आणि प्रिंट तशीच कुरिअरने काकूंना पाठवली.

जुन्या लेन्सने फोटो सुधारतात का, असं विचाराल तर माझे निम्मे हललेले आहेत. पण हल्ली सावलीत कॅमेरा काढण्याआधी मी उन्हात जाऊन येते. लोक हसतात.

आठवड्याने फोन केला. मळ्याच्या जागी उसाची लागण झाली होती. काकूंना विचारलं, फोटो मिळाला का?

"मिळाला. पोरं म्हणत्यात, लई काळा हाय. त्यास्नी काय म्हाईत, तितं किती गार हुतं."