भिंतीपलीकडचा बास

दादाने पहिला घाव सबवूफरवर नाही, माझ्या कानावर घातला.

रविवारची दुपार होती. डोळे मिटून मी स्पीकरवर पखवाज ऐकत होतो. दार लोटलेलंही मला कळलं नाही. उघड्या पंजाची थप्पड डाव्या कानावर बसली आणि आत काहीतरी कापड फाटावं तसं टर्रकन फाटलं. मग बारीक शिट्टी सुरू झाली. त्या शिट्टीच्या पलीकडून माझा सख्खा मोठा भाऊ ओरडत होता, "किती डाव सांगतलं तुले? आं? किती डाव?"

अमरावतीत भातकुलीच्या रस्त्याला आमचं घर. बाबांच्या मागे आम्ही ते अर्धं अर्धं केलं आणि मोठ्या बैठकीच्या मधोमध चार इंची भिंत उठली. दादाचा फुलांचा व्यापार. झेंडू, शेवंती घेऊन तो अंधारातच मार्केटला जायचा आणि दुपारी जेवून झोपायचा. माझं अकोल्याला इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान. आठवडाभर मी तिकडेच असे, रविवार तेवढा घरी. म्हणजे माझी ऐकायची वेळ आणि त्याची झोपायची वेळ एकच.

अॅम्प्लिफायर आणि स्टँडवरचे स्पीकर मी हळूहळू जमवले होते. खालचे सूर, म्हणजे बास, वाजवणारा सबवूफर शेवटी आला, आणि तिथेच घोडं अडलं. खुर्चीत बसलं की बास पोकळ वाटायचा. आवाज वाढवला की येई, पण मग पखवाजाचा धा पडला तरी संपायचा नाही, घरभर लोळत राहायचा. मी सबखाली रबर घातलं, काढलं, टोकदार पाय लावले, मागची बटणं फिरवली. अकोल्याच्या गादीवाल्याकडून जाड कापूस भरलेल्या चौकटी शिवून आणल्या आणि कोपऱ्यात उभ्या केल्या. कापूस वरचे सूर पितो. खालचे त्यातून सरळ पार होतात. दर रविवारी मी आवाज थोडा वाढवत होतो आणि पलीकडून भिंतीवर मूठ आपटत होती. याला माझं सुख बघवत नाही, असं मी बायकोला म्हणायचो.

त्या रविवारी थप्पड बसल्यावर मी उठलो आणि दादाचा गळा धरला. आम्ही दोघं अॅम्प्लिफायरवर कोसळलो. त्याने माझ्या पोटात गुडघा घातला, सुटला आणि सबवर लाथ मारली. त्याचा पाय पडद्यातून आरपार गेला. ते पाहिलं आणि माझ्या हाताला स्पीकरचा लोखंडी स्टँड लागला. तो मी दोन्ही हातांनी उचलून त्याच्या कपाळावर हाणला. भुवई फाटली. रक्त डोळ्यात उतरलं तरी तो माझ्यावर चालून येत होता. वहिनी धावत येऊन त्याच्या कमरेला लोंबकळल्या, बायकोने माझे केस धरून मला मागे ओढलं. "मरून जासान लेकहो!" वहिनी किंचाळल्या. पखवाज वाजतच होता.

दवाखान्यात आम्ही एकाच बाकाच्या दोन टोकांना बसलो. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा दोघांनीही सांगितलं, जिन्यावरून पडलो. आमच्या घराला जिना नव्हता. दादाला टाके पडले. माझ्या कानाच्या पडद्याला भोक पडलं होतं. कानात पाणी जाऊ देऊ नका, भरून येईल, असं डॉक्टर म्हणाले.

पुढचे महिने वाईट गेले. दादा सडका झेंडू माझ्या दारात ओतायचा. मी त्याच्या बाजूचा पाण्याचा पाइप पहारीने फोडला. अकोल्यात नव्या बॅटरीत अॅसिड भरताना एकदा त्याचा चेहरा डोळ्यापुढे आला, आणि जे मनात आलं ते इतकं भयंकर होतं की कॅन खाली ठेवून मी दुकानाबाहेर जाऊन उभा राहिलो.

कान भरून आला. सबला नवा पडदा बसवला. पहिल्या रविवारी आवाज अगदी लहान ठेवून लावला. मागची वायर सरळ करायला वाकलो तेव्हा आधाराला मधल्या भिंतीवर हात टेकला. भिंत थरथरत होती, तापाने फणफणलेल्या माणसासारखी. खुर्चीत मात्र बास येतच नव्हता.

मी तसाच पलीकडे गेलो. दार वहिनींनी उघडलं.

"थे मार्केटातून आले नाईत अजून. भाऊजी, काहून आले तुमी? पुन्हा रगत पाहायचं हाये का?"

"वहिनी, दोन मिनिटं त्याच्या पलंगावर पडू द्या."

माझा चेहरा पाहून त्या बाजूला झाल्या. पलंग नेमका त्या भिंतीला, कोपऱ्यात लावलेला. मी उशीवर डोकं टेकवलं आणि फोनवर बायकोला आवाज थोडा वाढवायला सांगितलं. धा आला तो दातांत, छातीत आणि पोटात. माझ्या खुर्चीत हरवलेला सगळा बास इथे येऊन पडत होता. खोलीत खालचा सूर भिंतींशी, कोपऱ्यांत साचतो आणि मध्ये, जिथे तो ऐकूच येत नाही, असे खड्डे पाडतो, हे मी वाचलं होतं. माझी खुर्ची खड्ड्यात होती.

तेवढ्यात दादा आला. हातात देठं कापायचा विळा. त्याने डाव्या हाताने माझी कॉलर पिळली आणि मला उशीत दाबलं.

"माह्या बिछान्यावर? जीव लय झाला का बे तुले?"

"मार. पण अगोदर इथं पडून आइक."

"वर्षभर थेच आइकलं ना! म्हनूनच मारलं तुले!"

विळा माझ्या मानेपासून वीतभरावर होता. वहिनी दारात तोंडावर पदर धरून उभ्या होत्या.

"मंग आता माह्या खुर्चीत बसून पाह्य," मी म्हणालो.

तो आला. विळा हातातच होता. खुर्चीत बसून त्याने मान वाकडी केली, पुढे झुकला, मागे रेलला.

"इथं तं थो दणका काहीच नाई."

"नाई ना. म्हनून मी वाढवत गेलो."

त्याने मला आईवरून शिवी दिली, जी त्यालाही लागत होती, आणि विळा टेबलावर आदळला.

त्या दुपारी मी सब उचलून खुर्चीत ठेवला आणि गुडघ्यांवर रांगत खोलीभर फिरलो. कान आणि सब यांच्या जागा बदलल्या तरी ऐकू तसंच येतं; म्हणून जिथे धा सरळ, मोकळा ऐकू येईल तिथे सबची जागा. दादा पलीकडे पलंगावर पडून तिकडे किती येतं ते ओरडून सांगत होता. खिडकीखाली, मधल्या भिंतीपासून लांब, एक जागा सापडली. सब तिथे हलवला, खुर्ची पुढे ओढली. आवाज निम्म्याहून खाली आला तरी धा भरून येत होता आणि पडला की संपत होता.

"चालू हाये का?" भिंतीपलीकडून आवाज आला.

"हाये!"

"थोडं थोडं येते. राहू दे."

आमच्यात गोडवा आला असं नाही. दिवाळीच्या आधी सांडपाण्याच्या नालीवरून त्याने माझी स्कूटर लाथेने पाडली आणि मी त्याला पुन्हा भिंतीशी रेटलं. पण एका रविवारी जेवण करून तो आपणहून आला, खुर्चीत बसला आणि पखवाज बराच वेळ ऐकला.

"पयले नुसते ढग गडगडत होते," तो म्हणाला. "आता चामड्यावर कोनी हात मारून राह्यलं, असं वाटते."

एवढं बोलून तो झोपायला गेला. जाताना त्याने दार इतक्या जोरात आपटलं की कडी निघून खाली पडली.