आधी समोरच्याचं म्हणणं

दिल्लीतल्या मराठी लोकांच्या फेसबुक ग्रुपवर एक बाई दिसत. फोटोच्या जागी जास्वंदीचं फूल, त्यामुळे चेहरा मला अजून माहीत नाही. लसीवरून वाद पेटला की त्या आधी समोरच्याचं म्हणणं स्वतः लिहून विचारत, "असंच ना, भाऊ?" तो हो म्हणाला की मगच उत्तर देत.

एकाने टोमणा मारला, "मॅडम, लस कंपनीत आहात का?"

"नाही हो, स्वयंपाकघरात. चलो, कुकर होईपर्यंत बोला."

गावी माझी ताई बाळाला पुढची लस द्यायला तयार नव्हती. दिल्लीतल्या मुनिरकाच्या माझ्या खोलीतून मी फोन लावला. ग्रुपवरच्या त्या बाईंसारखं जमेल का, ठाऊक नव्हतं. "मागच्या वेळी त्याला ताप आला आणि सगळे तुलाच बोलले. असंच ना, ताई?"

ती म्हणाली, "मंगळवारी नर्सबाई येतात. तेव्हा फोनवर राहशील?"