आरशाशिवाय चौघं

नृत्याच्या पदव्युत्तर वर्गात तिला सगळे काकू म्हणत. वय अवघं एकोणतीस. पण बाकीचे तेविशीतले, आणि हिच्या पिशवीत सुई-दोरा, सेफ्टी पिना, घोट्याला लावायचं मलम आणि दोघांना पुरेल एवढा डबा. त्यातून चार वर्षं तिने दातांच्या दवाखान्यात नावं नोंदवून घेण्याचं काम केलेलं. कुणी तक्रार घेऊन आलं की "बसा, बोलावते" असं तोंडून निघूनच जाई. वर्गातला लंबू तिची हुबेहूब नक्कल करी, आणि तीच सगळ्यांत जास्त हसे.

पदवीसाठी प्रत्येकाने स्वतःचं नवं नृत्य बसवून शनिवारी परीक्षकांपुढे सादर करायचं होतं. कुणी वादळ घेतलं, कुणी नदी. काकूने वाट पाहणारी माणसं घेतली. गाल धरून बसलेली, गुडघा हलवणारी, मांडीवरची फाईल उगाच सरळ करणारी. चार खुर्च्या, त्यांवर तीन मुली आणि लंबू. वर्गाच्या भिंतभर आरशासमोर पाच महिने तिने ते बसवलं. चारही माना एकदम वर होत तेव्हा बघणाऱ्याला वाटे, खरंच आत कुणाचं तरी नाव पुकारलं.

मंगळवारी रंगमंचावर पहिली तालीम झाली. समोर आरसा नव्हता, अंधारातल्या रिकाम्या खुर्च्या होत्या. सुरुवातीच्या संगीताला ताल नव्हता, नुसती पंख्यासारखी घरघर. चौघं बसले आणि बसूनच राहिले. आरशात एकमेकांना बघून आपण सुरुवात करतो, हे त्यांचं त्यांनाही आजवर ठाऊक नव्हतं. शिडीवर दिवे बांधणारा इलेक्ट्रिशियन बराच वेळ बघत होता.

"छान आहे," तो म्हणाला, "पण सुरू कधी होणार?"

मग सुरू झालं ते असं, की लंबू उठला तेव्हा बाकीच्या बसल्या, आणि तो बसला तेव्हा त्या उठल्या. बाई, म्हणजे काकूच्या मार्गदर्शक, शेवटपर्यंत बसल्या. मग त्यांनी तिला बाजूला घेतलं.

"तू आरशात काय दिसतं ते बसवलंस. यांना एकमेकांचं काय कळतं, ते राहिलं."

"मी आकडे मोजायला सांगते त्यांना."

"वाट पाहणारी माणसं आकडे मोजतात का? गुरुवारी दुपारी परत बघते. नाही जमलं, तर मागल्या वर्षी मी बसवलेलं करा. पोरांना येतं ते. गुण कापतील, पण पास होशील."

"पण ते माझं नसेल, बाई."

"नसेल," बाई म्हणाल्या. त्यांना खोटं बोलता येत नसे.

बुधवारी सकाळी काकू, आई जिथे कामाला होती, त्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात गेली. आरसा झाकायला जुन्या चादरी हव्या होत्या. तो समोर असेपर्यंत चौघांचे डोळे तिकडेच जाणार.

आई आणि तिची जोडीदारीण मोठ्या चादरींच्या घड्या करत होत्या. दोघी समोरासमोर, पण एकीचं लक्ष खिडकीत आणि दुसरीचं सुनेच्या गाऱ्हाण्यात. चादर ताणली जाई, सैल पडे, दोघी पुढे येत, टोकाला टोक जुळे.

"आई, न बघता कसं कळतं तुला, कधी पुढे जायचं ते?"

"त्यात काय कळायचंय? ती सैल सोडते, हाताला लागतं." आईने घडी ढिगावर ठेवली. "दातांचे डॉक्टर काल भेटले होते. तुझी जागा अजून भरली नाही म्हणाले. मी आपलं सांगून ठेवते."

"सांगितलंस ना? झालं तर मग."

"लगेच फणकारू नकोस. खाल्लंयस का काही?"

काकू भिंतीलगतच्या लाकडी बाकावर टेकली. पलीकडच्या टोकाला जोडीदारीण येऊन बसली, तसा बाक जरासा दबला आणि काकू नकळत सरकली. तिने मान वर केली. दवाखान्यातही बाकच होता की! एकाचा गुडघा हलला की रांगेतल्या सगळ्यांना कळायचं, आणि आतून नाव आलं की उठणाऱ्याआधी शेजारचा सावरायचा. खुर्च्या तिने घेतल्या होत्या, कारण आरशात त्यांच्यामधलं अंतर देखणं दिसे.

"आई, हा बाक मला दे."

"चादरी मागायला आलीस ना गं?" जोडीदारीण म्हणाली. "उद्या भिंत मागशील."

मुकादमाला विचारून बाक हातगाडीवर निघाला. त्या दुपारपासून चौघं आरशाकडे पाठ करून त्यावर बसले. पहिल्या दिवशी नुसती ढकलाढकली. "काकू, हिचं कोपर आहे की खिळा?" लंबू म्हणाला. काकूने नाचाचं नावही काढू दिलं नाही; बसा, म्हणाली, आणि शेजारी श्वास घेतो तो लागतोय का बघा. गुरुवारी सकाळी, कुणी खूण न करता, चार माना वर झाल्या. पूर्वीसारख्या एकदम नव्हे. एकीकडून दुसरीकडे, वाऱ्याची झुळूक जावी तशा. काकूला ते आधीपेक्षा खरं वाटलं.

दुपारी बाई पाचव्या रांगेत बसल्या. घरघर सुरू झाली. काकू पडद्याआड उभी होती आणि तिथून तिला फक्त लंबूचे पाय दिसत होते. ते जागच्या जागी घट्ट टेकले, म्हणजे पलीकडे कुणी तरी हललं. मग टाच उचलली गेली. पुढची अकरा मिनिटं तिने पायच पाहिले. मध्ये एक मुलगी वळायला चुकली. शेजारणीने तिला बाकावर जागा करून दिली आणि चूक त्यात मुरून गेली.

संगीत थांबलं. बाई उठून मंचाच्या कडेशी आल्या.

"शेवट लांबलाय. दोन मिनिटं काढून टाक."

"हो, बाई."

"आणि लंबूचा शर्ट बदल." मग त्यांनी बाकावर हात ठेवून तो हलवून पाहिला. "शनिवारी हा इथेच हवा. कुणाचा आहे?"

"आईच्या कामावरचा. तिथल्या बायका डबा खायला बसतात यावर."

"मग त्यांना म्हणावं, शनिवारी समोर बसा. पहिली रांग ठेवते मी."

काकू "बसा, बोलावते" सवयीने म्हणणार होती. त्याऐवजी "सांगते" म्हणत तिने पेन काढलं, आणि शेवटातली कुठली दोन मिनिटं काढायची ते बघायला बाकावर बसली.