एकदाच विचारणारी संस्था

शेवटच्या आजारातल्या माणसांना सांभाळणारी एक संस्था आमच्या गोंदियाबाहेर आहे. ओळखीचे लोक अजूनही मला विचारतात, "तुमची आई होती ना तिथं? कशी आहे हो?" मी सरळ सांगतो, पाठवू नका. मग ते म्हणतात, पण किती स्वच्छ आहे! स्वच्छ आहे, हे मी कधीच नाकारलं नाही. फरशी दिवसातून चार वेळा पुसतात. माणसाकडे एकदाच वळतात.

आईला अन्ननलिकेचा कॅन्सर होता. २०१२ साली दिवाळीच्या आधी नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता ऑपरेशनचा उपयोग नाही. दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा, म्हणाले. वेदनेची गोळी दर चार तासांनी पाण्यात विरघळवून द्यायची, तिने मागितली नाही तरी. आणि घट्ट काही द्यायचं नाही. पातळ पेज, डोकं उंच करून, चमच्याचमच्याने. किती दिवस, असं मी विचारलं. ते म्हणाले, "किती ते मला सांगता येणार नाही. कसे जातील, ते मात्र तुमच्या हातात आहे."

तेवढंच आमच्या हातात उरलं होतं.

आई केशोरीकडच्या आमच्या गावी एकटी राहायची. वडील गेल्यावरही तिने घर सोडलं नव्हतं. आजारामुळे उन्हाळ्यातच तिला गोंदियाला आमच्या घरी आणलं होतं. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, आणि मी राइस मिलमध्ये धान खरेदीवर. दिवाळीनंतर मिलमध्ये श्वास घ्यायला वेळ नसतो. सकाळी बायको आणि संध्याकाळी मी, असं काही दिवस चाललं. मधल्या वेळेला लावलेली बाई आठवड्यातच सोडून गेली. आईला सुनेने अंग पुसलेलं आवडत नसे. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

शेजाऱ्याने त्या संस्थेचं सांगितलं. मोफत आहे आणि फार सेवाभावी आहे म्हणे.

मी पाहायला गेलो. धान खरेदीवाल्याची एक सवय असते. ढिगातलं दर्शनी पोतं आम्ही बघत नाही. मधल्या पोत्यात परखी, म्हणजे टोकदार लोखंडी नळी, खुपसतो आणि आतला दाणा तळहातावर घेऊन पाहतो. म्हणून ठरवून दिलेली सकाळची वेळ मी टाळली आणि दुपारी जेवणानंतर गेलो. सोळा खाटा होत्या. दोन बाया होत्या, त्यातली एक डबा उघडून बसलेली. नर्स एकच, तीही संध्याकाळी सहाला घरी जाणारी. प्रत्येक पंख्यावर, प्रत्येक खाटेवर आणि पाण्याच्या माठावरसुद्धा देणगीदाराचं नाव लाल रंगात लिहिलेलं.

व्यवस्थापक सफारीतले गृहस्थ होते. मी विचारलं, गोळ्या वेळेवर कोण देतं? सहानंतर कोण देतं? कूस कोण बदलतं, आणि किती वेळाने? गिळता न येणाऱ्याला कोण भरवतं?

"भाईसाहब," ते हसून म्हणाले, "आप पहले आदमी हैं जो ये सब पूछ रहे हैं. लोग तो यहाँ हाथ जोड़कर जाते हैं."

"मी धान विकत घेतो," मी म्हणालो. "पोतं पाहिल्याशिवाय हात जोडत नाही."

"पर हम तो कुछ बेच नहीं रहे."

"म्हणूनच जास्त विचारून राहिलो."

त्यांना ते आवडलं नाही. तरी त्यांनी कबूल केलं की गोळी वेळेवर मिळेल आणि रात्रीची बाईही देईल. मला ती जागा पटली नव्हती, आणि घरी येऊन मी तसं सांगितलं. पण आई खाटेवरून म्हणाली, "घेऊन चाल मले तिथं. सून शाळेतून येते अन् माही घाण काढते. मले नाही पाहवत."

"आई, मी कधी तक्रार केली का?" बायको म्हणाली.

"तू नाही केली व बाई. मी करून राहिली ना."

आम्ही तिला नेऊन ठेवलं. गोळ्यांची डबी नर्सला दिली आणि डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं तिला आणि व्यवस्थापकांनाही नीट समजावलं. रोज मिलच्या आधी आणि मिलनंतर मी जाऊन येत असे. दोन-तीन दिवसांतच आईच्या कपाळावर सतत घाम दिसायला लागला. चादर तिच्या मुठीत गोळा झालेली असायची. व्यवस्थापक मात्र भेटले की म्हणायचे, "माताजी बहुत शांत हैं. ऐसा मरीज मिलना मुश्किल."

मी नर्सला विचारलं, गोळी देता ना?

"आजी तो मना करती हैं," ती म्हणाली. "मैं रोज पूछती हूँ, दर्द है क्या? बोलती हैं, नहीं, बरी आहो."

मी आईजवळ खाली बसलो. "नको काऊन म्हणतेस तू?"

"हळू बोल." तिने आजूबाजूला पाहिलं. "ते पोरगी एकदाच इचारते. एकदा इचारलं का लगेच हो म्हणायचं का गा? उपाशी घरचे समजतील आपल्याले. अन् मी नाही म्हणलं का ते निघूनच जाते."

बाहेरच्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल. आमच्या धानपट्ट्यात मोठी झालेली बाई कोणाच्या घरी गेली आणि घरच्यांनी "जेवता का?" विचारलं, तर पहिलं उत्तर "जेवून आली" हेच असतं, पोटात काही नसलं तरी. घरच्या बाईने "असं कसं" म्हणायचं, पाहुणीने "खरंच नको" म्हणायचं, आणि मग घरच्या बाईने ताट वाढून समोर ठेवायचं. तीनदा आग्रह झाल्याशिवाय ताटाला हात लावणारी बाई गावात नाव घालवते. आईने हे सत्तर वर्षं पाळलं होतं. ती संस्था तिच्यासाठी दुसऱ्याचं घर होती आणि नर्स त्या घरची बाई. हे असलं घर तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं, जिथे नको म्हटलं की ताट खरंच उचलून नेतात.

आमच्या घरीही ती नकोच म्हणायची. पण तिथे आम्ही विचारतच नव्हतो. वेळ झाली की गोळी पेल्यात टाकून पेला तोंडाला लावत होतो.

हे सगळं मी व्यवस्थापकांना समजावून सांगितलं. म्हणालो, विचारू नका, वेळ झाली की द्या. डॉक्टरांनी तसंच सांगितलंय.

"बिना पूछे देना ठीक नहीं भाईसाहब. मरीज की इच्छा का सम्मान करते हैं हम."

"मग तीनदा विचारा."

"सोलह मरीज, सबको तीन-तीन बार? पूरा दिन पूछने में ही निकल जाएगा." जवळ बसलेला एक देणगीदार मोठ्याने हसला. "आपकी माताजी को मायके जैसा मनाना पड़ेगा क्या?"

"हो," मी म्हणालो. "जमत नसेल तर बाहेरच्या पाटीवरचा सेवा शब्द पुसून टाका."

तो दिवस तसाच गेला. नंतर दोन दिवस गोळी वेळेवर मिळाली. तिसऱ्या दिवशी नर्सची सुट्टी होती, आणि मुठीत परत चादर आली. मी ओरडलो की मिळायची आणि मी मिलला गेलो की थांबायची. आईला हे कळत होतं. ती मलाच दटावायची, "कायले भांडतेस? त्याइचं खाऊन त्याइलेच बोलायचं?"

"तू खातेस काय त्यांचं? घोटभर पेज!"

"पेज बी त्याइचीच ना."

मग तो शनिवार. मिलची मोटर जळाली म्हणून मी दुपारीच मोकळा झालो आणि थेट तिकडे गेलो. दारात गाड्या लागल्या होत्या. एका व्यापाऱ्याच्या नातीचा वाढदिवस होता. अशा दिवशी देणगीदाराचं सगळं कुटुंब येतं, आपल्या हाताने प्रत्येक रुग्णाला भरवतं आणि फोटो काढतं. संस्थेत याला मोठा मान आहे. त्या दिवशी शिरा होता, तूप सुटलेला, वर काजू.

मी आत शिरलो तेव्हा जरीची साडी नेसलेल्या एक बाई आईच्या खाटेशी वाकल्या होत्या. आईचं डोकं उशीवर सपाट. बाई चमचा पुढे करून म्हणत होत्या, "लीजिए ना माताजी." आईने मान हलवली. "थोड़ा सा, मेरी पोती का जन्मदिन है." आईने परत मान हलवली, पण हसून. "आपको मेरी कसम, बस एक."

तीनदा झालं. आईने तोंड उघडलं.

गोळीसाठी त्या इमारतीत कोणी तिला दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. तिच्या घशात जो जाऊच शकत नव्हता, त्या शिऱ्यासाठी मात्र अगदी आमच्या गावच्यासारखा आग्रह झाला. मी धावलो तोवर चमचा आत गेला होता. तिचे डोळे पांढरे झाले. मी तिला उठवून पुढे वाकवलं, पाठीवर थापा मारल्या, बोट घालून घास काढला. काजूचा तुकडा माझ्या हातावर पडला. तिचा श्वास परत सुरू व्हायला वेळ लागला. त्या वेळात संस्थेतली एक बाई बादली आणायला गेली, आणि फोटो काढणारा थोडा बाजूला सरकला.

"हमने तो प्यार से खिलाया," जरीची साडी रडवेली झाली.

"बाई, तुमची चूक नाही," मी म्हणालो. "तुम्हाला कोणी सांगितलंच नाही." आणि व्यवस्थापकांकडे वळलो. "तुम्हाला सांगितलं होतं. नर्सलाही सांगितलं होतं."

"शिरा तो नरम होता है," ते म्हणाले. मग हळूच, "भाईसाहब, मेहमान हैं, आवाज़ थोड़ी नीचे."

त्यानंतर मी त्यांना जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्यातला एकही शब्द मी परत घेत नाही. पाहुणे शिऱ्याचं पातेलं पुढच्या खाटेकडे घेऊन गेले होते. मी त्या पातेल्यावर झाकण ठेवलं आणि तिथेच उभा राहिलो, वाढदिवसवाले निघून जाईपर्यंत.

संध्याकाळी मी बायकोला म्हणालो, आईला घेऊन येतो.

"आणा," ती म्हणाली. "मी सुट्टी टाकते. पण इथं तरी ती काय मागणार? इथंही ती माझी पाहुणीच आहे. इतकी वर्षं झाली, माझ्या हातचा दुसऱ्यांदा भात तिने कधी मागून घेतला नाही."

"मग मागेल कुठं?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत आहे कुठं."

मला माहीत होतं. मिलच्या मालकाने "सीजन में?" एवढंच विचारलं. मी हो म्हणालो आणि बिनपगारी रजा घेतली. आईला न्यायला व्हॅन घेऊन गेलो, तर ती खाटेवरून व्यवस्थापकांना हात जोडून म्हणाली, "लय केलं बापा तुमी. काही चुकलं असंल तर माफ करजा." मी दात आवळून तिला उचललं. व्यवस्थापक म्हणाले, "फिर वापस नहीं ले पाएँगे." मी म्हणालो, ती भीती घालू नका.

इटियाडोह धरणाच्या नहराच्या अलीकडे आमचं गाव लागतं. घर उन्हाळ्यापासून बंद होतं. खाट ओसरीत टाकली, उशा रचून तिचं डोकं उंच केलं. तिने चारी बाजूंनी नजर फिरवली आणि पहिलं वाक्य बोलली, "झाडणी कोन ठेवली तिथं उभी? आडवी कर." दुसरं वाक्य थोड्या वेळाने आलं. "बाबू, गोळी कुठं आहे माही? दुखून राहिलं ना! बसून काय राहिलास?"

दुखतंय हे इतक्या महिन्यांत मी तिच्या तोंडून प्रथम ऐकलं. मी पाण्यात गोळी विरघळवत होतो, तोवर ती परत ओरडली, "पानी भरायले गेला का नदीवर?"

तिथे ती घरची बाई होती. शेजारची वहिनी अंग पुसायला यायची, तिला पाणी थंड आहे म्हणून बोलणी बसायची. मी केलेली पेज तिला पाणचट लागायची. बायको शनिवारी शाळा सुटली की येऊन सोमवारी पहाटे परत जायची. तिलाही आई सांगायला लागली, "पाठ चोळ व, जोरानं. घाबरून काऊन राहिली?" बायको चोळायची. बाहेर येऊन मला म्हणायची, "या घरात सासू झाली बघा माझी."

एकदा ओळखीतली एक म्हातारी खीर घेऊन आली. तिनेही रीतीप्रमाणे आग्रह केला, एक चमचा, फक्त एक चमचा. मी मध्ये पडायला उठलो, पण गरज पडली नाही.

"नोको म्हणलं ना व!" आई म्हणाली. "गिळत नाही मले. मारतेस का? लेकराइले दे नेऊन."

म्हातारी न रागावता खीर घेऊन गेली. घरच्या बाईच्या नाहीला तिथे कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही.

गावात मळणी सुरू होती तेव्हा आई गेली, सकाळच्या उन्हात, ओसरीतच. संस्थेचे व्यवस्थापक आजही लोकांना सांगतात की फार शांत मरीज होती, पण मुलगा भांडखोर, उचलून घेऊन गेला. ऐकलं की मी ते खोडत नाही. माझ्या आईचे शेवटचे दिवस शांत नव्हतेच. ती मला दिवसभर बोलत होती. गेली त्या सकाळीही गोळीला उशीर केला म्हणून रागावली. उशीर झाला नव्हता, गोळीला अजून अवकाश होता. पण दुखतंय असं ती म्हणाली होती, म्हणून मी उठून पेला घेतला.