अर्ध्या नावाचं नाणं

टांकसाळे हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. आमच्या कोल्हापूरच्या कचेरीत हजेरीपटावर वेगळंच नाव होतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी कामाला यायचं. एरवी साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना टांकसाळेच म्हणत आणि तेही ओ देत. कुणी जुनं नाणं पुढे केलं की ते आधी डोळे मिटायचे. अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये नाणं सावकाश फिरवायचे, कडेवर नख घासायचे, आणि डोळे न उघडताच म्हणायचे, "तांबं. फारसी अक्षरं. विजापूरच्या आधीचं." भिंग त्यानंतर निघायचं, आणि बहुतेक वेळा भिंगातूनही तेच दिसायचं.

सोन्या-चांदीच्या नाण्यांचं त्यांना काडीचंही कौतुक नव्हतं. "त्यांना ओळखणारे पुष्कळ आहेत, बाई," ते मला सांगायचे. "ह्या काळ्या पडलेल्यांना कोण विचारतं?" त्यांची सगळी माया दीडदमडीच्या तांब्याच्या तुकड्यांवर. तांबटांच्या दुकानात मोडीत आलेल्या भांड्यांबरोबर असले तुकडे वितळायला जायचे. टांकसाळे मधल्या सुट्टीत जाऊन ढिगात हात घालून बसत आणि दुपारी काळ्या बोटांनी फायली चाळत. फायलींवर त्यांच्या बोटांचे ठसे उमटत, आणि साहेब त्यावरून वर्षातून एकदा तरी रागावत.

ही नाणी ओळखणं अवघड का, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे सुलतानाचं नाव नाण्यावर पुरतं उतरतच नसे. एकावर नावाची सुरुवात असायची, दुसऱ्यावर शेवट. एकाच जातीची चार-सहा नाणी शेजारी मांडली तर नाव जुळणार. म्हणून नाणं घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ते विचारायचे, "अशी आणखी आहेत का?" त्यांना हवं असायचं ते उरलेलं अर्धं नाव. ऐकणाऱ्याला त्यातून काय ऐकू येत असेल, याचा विचार त्यांनी केला नाही, आणि मीही केला नाही.

बाबू आला तो सातबाराच्या उताऱ्याच्या नकलेसाठी. कोडोलीच्या पुढच्या एका गावचा शेतकरी, पस्तिशीचा, कमी बोलणारा. गोठा साफ करताना सापडलेलं एक नाणं त्यानं पटक्याच्या टोकाला बांधून आणलं होतं. टांकसाळ्यांनी डोळे मिटले, नाणं फिरवलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांच्या बोटांना ते ओळखता येईना. भिंगातूनही नावाची फक्त शेवटची तीन अक्षरं दिसली. किंमत म्हणशील तर रुपयाभरही नाही, असं त्यांनी बाबूला तिथल्या तिथं सांगितलं. पण आठ दिवस ठेवून घेऊ का, असंही विचारलं. आणि मग ते नेहमीचं, आणखी आहेत का.

आठ दिवसांचा महिना झाला. टांकसाळ्यांनी नाण्याची पेन्सिलीनं चित्रं काढली, पुण्याला कुणाला तरी पत्र घातलं, जेवणाच्या डब्याशेजारी ते नाणं ठेवून जेवले. बाबू दोनदा न्यायला आला आणि दोनदा त्यांनी "अजून थोडे दिवस" म्हणून त्याला परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला बाबू माझ्या टेबलाशी थांबला आणि हळूच म्हणाला, "रुपयाचं नाणं म्हंत्यात आनि महिनाभर बघत बसत्यात. सरकारी मानूस उगंच येवढा कशाला बघंल, बाई?" मी हसून सांगितलं की त्यांना नाद आहे. तो हसला नाही.

श्रावणात एका रविवारी टांकसाळे स्वतःच त्याच्या गावाला निघाले. माझं माहेर कोडोलीचं, म्हणून वाट दाखवायला मी बरोबर गेले. झड लागली होती. बाबू आणि त्याचा धाकटा भाऊ दत्तू घरामागून आले तेव्हा दोघांचेही पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरले होते. टांकसाळे पुढच्या सोप्यात बसले आणि मी बाबूच्या बायकोबरोबर, शेवंताबरोबर, मागच्या दारी गेले. गोठ्याच्या मातीच्या भिंतीला लागून खड्डा खणला होता. पाणी साचलं होतं आणि कुदळ तशीच पाण्यात उभी होती. कशाचा खड्डा म्हणून मी विचारलं. गोबर गॅसचा, ती म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता आत गेली. गोबर गॅसचा खड्डा कुणी भिंतीच्या बुडाशी खणत नाही, हे मला कळत होतं. मी बोलले मात्र नाही. परक्याच्या घरात कुठं तोंड घालायचं, असं वाटलं.

आत टांकसाळे रंगात आले होते. नाणं तळहातावर धरून ते दोघा भावांना सांगत होते, "ह्याचे सोबती असणार. इथंच कुठंतरी असणार." भावांनी एकमेकांकडे पाहिलं. परतताना दत्तू आम्हाला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आला. वाटेत त्यानं विचारलं, असलं काही सापडलं तर सरकारजमा करावं लागतं का. टांकसाळे मोठ्यानं हसले आणि म्हणाले, तांब्याचं कोण जमा करून घेतंय. दत्तूनं "तांब्याचं," असं एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. त्याच्या आवाजावरून मला वाटलं, याला ते खोटं वाटतंय. एसटी आली आणि आम्ही चढलो.

पुढच्या आठवड्यात माझा भाऊ माहेराहून निरोप घेऊन कचेरीत आला. गोठ्याची भिंत खचली होती. दत्तूचा पाय मोडला होता. बाबू खाली खड्ड्यात होता. गावानं मिळून माती उपसली, पण उपयोग झाला नाही. टांकसाळ्यांनी हे सगळं उभ्यानं ऐकलं आणि मग खुर्चीचा हात चाचपत बसले. मला म्हणाले, "बाई, मी किंमत सांगितली होती ना त्याला? तुम्ही ऐकलंत ना?" मी हो म्हटलं. खड्डा पाहिल्याचं मी त्यांना त्या दिवशी सांगितलं नाही. नंतरही सांगितलं नाही.

बाबूचं दिवसकार्य झाल्यावर आम्ही नाणं परत द्यायला गेलो. शेवंतानं ते हातात घेतलं नाही. नुसतं विचारलं, ह्याची किंमत किती. रुपयाभरही नाही, टांकसाळे म्हणाले.

"मग आनखी हाईत का, आनखी हाईत का म्हनून कशापायी इचारत हुतासा?"

ते समजावू लागले. ठसा मोठा, तुकडा लहान, अर्धं नाव बाहेर जातं. बोलता बोलता मध्येच थांबले. "नावासाठी," शेवंता म्हणाली, आणि आत गेली. नाणं टांकसाळ्यांच्याच हातात राहिलं.

त्यानंतर लोक नाणी आणतच राहिले, पण टांकसाळ्यांनी तो प्रश्न कुणालाच विचारला नाही. नाणं बघायचे, कळलं तर सांगायचे, नाही तर त्याच क्षणी परत द्यायचे. एक दिवसही ठेवून घ्यायचे नाहीत. माणूस निघून गेला की मग त्या रिकाम्या दाराकडे बघत बसायचे.

सात-आठ वर्षांनी, त्यांच्या निवृत्तीच्या आदल्या महिन्यात, ते मधल्या सुट्टीतून लवकर परतले. मूठ उघडली. उरलेलं अर्धं नाव तांबटाच्या मोडीत सापडलं होतं, कचेरीपासून दहा मिनिटांच्या अंतरावर. दोन्ही नाणी त्यांनी माझ्या टेबलावर जोडून ठेवली. बहामनी सुलतानांपैकी एक, साधासा, ज्याची नाणी भरपूर सापडतात. ठसा तेवढा जरा निराळा, म्हणून चकवलं होतं. त्यांना आनंद झालेला मला दिसला नाही. शेवंताला सांगायला हवं का, त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. तरी ते निघाले, आणि त्यांना एकटं जाऊ देववेना म्हणून मीही गेले.

शेवंताचे केस पांढरे व्हायला लागले होते. तिनं चहा केला. टांकसाळ्यांनी नाव कळल्याचं सांगितलं, आपली नोंदींची वही उघडून दाखवली. कुणाचं नाव, तिनं विचारलं. त्यांनी सांगितलं. तिला ते नीट म्हणता येईना, तिनं सोडून दिलं. मग ओळींवर बोट ठेवून म्हणाली, "आनि ह्यांचं लिवलंय का ह्यात?"

वहीत फक्त एवढंच होतं: कोडोलीपुढे, गोठ्यात, एक नग. टांकसाळ्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि पूर्ण नाव विचारलं. त्यांना नुसतं बाबू माहीत होतं. दत्तू रानात गेला होता, घरात सांगणारं दुसरं कुणी नव्हतं. तिनं उभ्या आयुष्यात नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं. तिनं पदर सारखा केला, दाराकडे पाहिलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "बाबू रामा."

टांकसाळ्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं. काय लिहिलं ते वाचा, ती म्हणाली. त्यांनी वाचलं. तिनं परत वाचायला सांगितलं. त्यांनी परत वाचलं.