नारळ परत करणारे काका

भोंदू ओळखायची आमच्या घरातली परीक्षा एकच. पैसे घेतो का? घेत असेल तर भोंदू. घेत नसेल तर जाऊन बसायला हरकत नाही. आई म्हणायची, पाणी गाळून प्यावं आणि गुरू पारखून करावा. पण पारखायचं म्हणजे नक्की काय बघायचं, ते तिनेही कधी सांगितलं नाही आणि आम्ही बहिणींनी विचारलंही नाही. त्यात मी बँकेत तीस वर्षं लोकांच्या सह्या पडताळलेल्या. मला कोण फसवणार, असा माझा तोरा होता.

भावोजी गेले तेव्हा ताई एकटीच राहिली. मूलबाळ नव्हतं. घाटकोपरला तिचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, त्यामुळे मी रोज डोकावायचे. टीव्हीचा आवाज बंद करून ती नुसती चित्रं बघत बसलेली असायची. तेवढ्यात बँकेतल्या एका मैत्रिणीने मुलुंडच्या काकांबद्दल सांगितलं. रिटायर्ड इंजिनिअर, दर गुरुवारी संध्याकाळी स्वतःच्या फ्लॅटमध्ये पोथी वाचून अर्थ सांगतात.

आधी मी एकटीच जाऊन आले, तीन गुरुवार, अगदी ऑडिटला गेल्यासारखी. हॉलमध्ये सतरंजी, पंधरा-वीस माणसं. हार घातलेले फोटो नाहीत, भगवं काही नाही, चमत्काराच्या गोष्टी नाहीत. "महाराज वगैरे म्हणू नका, काका म्हणा," असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले. एका बाईंनी नारळ आणि पेढे आणले होते. काकांनी ते स्वतःच्या हाताने त्यांच्या पिशवीत परत ठेवले. झालं, माझ्याकडून ते तिथेच पास.

चौथ्या गुरुवारी ताईला नेलं. मीच नेलं. ती यायला तयार नव्हती, मी हट्टाने नेलं. हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं.

सुरुवातीला ताई खरंच सुधारली. जेवायला लागली, गुरुवारची साडी बुधवारीच काढून ठेवायला लागली. वाचन संपलं की काका कुणातरी एकाला आतल्या खोलीत बोलवायचे. त्याला सगळे 'मोकळं होणं' म्हणत. आत गेलं की दार लावायचं, पंखा बंद करायचा आणि आजवर कुणालाच न सांगितलेलं असं काहीतरी काकांना सांगायचं. मीही सांगितलं. काय ते इथेही लिहिणार नाही. पंधरा दिवसांनी भर हॉलमध्ये अर्थ सांगता सांगता काकांनी माझ्याकडे बघून माझ्याच त्या गोष्टीतले चार शब्द उच्चारले आणि हसले. बाकी कुणाला काही कळलं नाही. मी सतरंजीची कड बघत बसले. तरी घरी येईपर्यंत मी स्वतःला पटवलं, की आपलेपणा असल्याशिवाय माणूस इतकं लक्षात ठेवत नाही. अक्कल गहाण पडते ती अशी.

मग नारळवाल्या बाई यायच्या बंद झाल्या. कुणीतरी चौकशी केली तर काका म्हणाले, "त्यांची वेळ आली नव्हती. त्यांचा विषय नको." त्यानंतर त्यांचा विषय खरोखरच कुणी काढला नाही. पुढे एकदा त्या मला मुलुंडच्या मार्केटमध्ये दिसल्या. मला बघून हात वर करून थांबल्या, काहीतरी सांगायचं होतं त्यांना. मी भाजीची पिशवी सावरत रस्ता ओलांडून पलीकडे गेले. मला भीती वाटली होती. बाईंची नाही, हे काकांच्या कानावर जाईल याची.

दिवाळी झाली आणि ताईचा डावा हात माझ्या लक्षात आला. वरच्या फळीवरचा डबा काढायला ती स्टूल घ्यायला लागली होती. ब्लाउज ढगळ झाले होते.

"काय झालंय गं हाताला?"

"काही नाही गं. वय झालं आता."

एरवी मी तिला ओढत डॉक्टरकडे नेलं असतं. आमच्या घरात आरडाओरडा करायचं खातं माझ्याकडेच. पण तोवर मला काकांना विचारायची सवय लागली होती. त्या गुरुवारी मी आत गेले आणि म्हटलं, ताई माझ्यापासून काहीतरी लपवते आहे.

काकांनी डोळे मिटले. "त्यांनी त्या एका गोष्टीपुरतं मौन घेतलंय. अकरा गुरुवार, त्यातले तीन झाले. तुम्ही विचारून ते मोडलंत, तर पुढे जे होईल ते तुमच्या माथी."

"पण तब्येतीचं काही नाही ना, काका?"

"सगळं माझ्या कानावर आहे," ते म्हणाले आणि उठून पंखा लावला.

मी गप्प राहिले. पाच गुरुवार. घाटकोपर ते मुलुंड आम्ही एका रिक्षात गुडघ्याला गुडघा लावून जायचो. ताई मधूनच माझ्याकडे टक लावून बघायची आणि मी दुकानांच्या पाट्या वाचत बसायचे. एकदा विक्रोळीच्या सिग्नलला तिने माझा हात धरला तो भांडुप येईपर्यंत सोडला नाही. मी काय म्हणाले? "गारठा पडलाय ना आज!"

आठव्या गुरुवारी ताईला सतरंजीवरून उठताच येईना. मी काखेत हात घालून उठवायला गेले तर ती कळवळली. पदर सरकला आणि ब्लाउजवर ओला, काळपट डाग दिसला. मी तिला तशीच दाराकडे घेऊन निघाले. मदतीला एकही माणूस उठला नाही. सगळे काकांकडे बघत होते.

"तीन गुरुवार राहिलेत," काका म्हणाले. आवाज नेहमीसारखाच, मऊ.

हॉस्पिटलमधली डॉक्टर जेमतेम तिशीची. तिने तपासलं, हात धुतले आणि विचारलं, "गाठ कधीपासून आहे?"

"गणपतीपासून," ताई म्हणाली.

डॉक्टरने तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. पुढे बऱ्याच तपासण्या झाल्या, पण त्या नजरेत मला सगळं समजलं होतं. आजार हाडांपर्यंत गेला होता. आता बरं करणं नाही, दिवस वाढवणं एवढंच हातात आहे, असं तिने मला बाजूला घेऊन सांगितलं.

कॉरिडॉरमधल्या बाकावर माझा तोल सुटला. "एका शब्दाने मला सांगता येत नव्हतं तुला? काका सख्खे आणि मी कोण गं?"

ताई माझ्याकडे बघतच राहिली. तिला खरोखर आश्चर्य वाटलं होतं.

"तुला माहीत होतं ना! काका म्हणाले, बहिणीला गाठीचं सगळं सांगितलंय, मौन पुरं होईपर्यंत डॉक्टर नको हेच त्यांचंही मत आहे."

मी तिच्या खांद्यावरून घसरलेला पदर सारखा केला.

"रोज वाट बघायचे मी तुझी," ती म्हणाली. "रिक्षात बसलं की वाटायचं, आता ही ओरडेल. म्हणेल, खड्ड्यात गेलं ते मौन, चल डॉक्टरकडे. तू नुसती ओरडली असतीस ना, मी त्याच क्षणी आले असते गं. पण तू काहीच बोलली नाहीस. मग म्हटलं, हिने सगळं पारखून घेतलं असणार."